आपोआप जुळणारे नॅनोकण आणि कर्करोग: जुळतात खरे, पण सुटायचं कुठे?

फिल्टरवाला

सध्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. शास्त्रज्ञांनी म्हणे आपोआप जुळणारे नॅनोकण बनवलेत, ते थेट गाठीत शिरून कर्करोग संपवतात, आता किमो बंद. कोणते शास्त्रज्ञ, कुठला कर्करोग, माणसं की उंदीर, कशाचा पत्ता नाही. मी इंजेक्शनच्या औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करतो, त्यामुळे घरचे-दारचे सगळे मलाच विचारतात. एकदा नीट लिहून ठेवतो, पुढच्या वेळी नुसती लिंक देता येईल.

पहिलं म्हणजे हे प्रकरण नवं नाही. असा कण वापरणारं कर्करोगाचं औषध १९९५ पासून बाजारात आहे. डॉक्सिल त्याचं नाव. आपल्याकडे हेच औषध वेगवेगळ्या ब्रँडनावांनी मिळतं आणि कागदावर 'लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन' असं लिहिलेलं असतं.

'आपोआप' म्हणजे काय? फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं आणि शेपट्या पाणी टाळतात. असे रेणू पाण्यात सोडले की पाणीच त्यांना एकत्र ढकलतं. शेपट्या आत, डोकी बाहेर, असा दुहेरी पडदा तयार होतो आणि कडा उघड्या राहू नयेत म्हणून तो स्वतःवर वळून बंद पिशवी होतो. रिठ्याच्या पाण्यात तेलकटपणा सुटतो त्यामागेही हीच ओढाताण असते. साठच्या दशकात केंब्रिजजवळ बाब्राहमच्या संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पिशव्या पाहिल्या. त्याच पुढे लायपोसोम झाल्या. कोणी एकेक रेणू चिमट्याने लावत बसत नाही.

आता औषध. डॉक्सोरुबिसिन म्हणजे वॉर्डात ज्याला 'लाल किमो' म्हणतात ते. त्याचं घराणं इटलीतलं. कास्तेल देल मोंते किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत एक जिवाणू सापडला, त्यातून आधी डॉनोरुबिसिन आणि मग डॉक्सोरुबिसिन मिळालं. एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन नाव पडलं. औषध जबरदस्त, पण हृदयाच्या स्नायूवर उठतं, आणि ते नुकसान साठत जातं. म्हणून आयुष्यभराच्या डोसला मर्यादा घालतात: शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम.

जेरुसलेममध्ये येहेझ्केल बॅरनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझॉन यांनी हे औषध लायपोसोममध्ये कोंडायचं ठरवलं. पहिला प्रयत्न फसला. यकृतातल्या भक्षक पेशींनी कण गिळले, शिवाय औषध वाटेतच गळलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी दोन गोष्टी केल्या. कणाच्या अंगावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे लांब धागे लावले, म्हणजे भक्षक पेशींना तो पटकन पकडता येईना. दुसरी युक्ती माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली सर्वात देखणी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लायपोसोम अमोनियम सल्फेटच्या द्रावणात बनवायचे. मग बाहेरचं सल्फेट काढून टाकायचं, आतलं आतच राहतं. आतल्या अमोनियममधून अमोनिया पडद्यापार निसटतो आणि प्रोटॉन मागे ठेवून जातो, म्हणजे आत आम्लता वाढते. मग बाहेरून डॉक्सोरुबिसिन घालायचं. प्रभार नसलेला रेणू पडद्यातून आत जातो. आत गेल्यावर त्याला प्रोटॉन चिकटतो, प्रभार येतो आणि परतीची वाट बंद. वर सल्फेटबरोबर त्याचे स्फटिक होतात. नव्वद टक्क्यांहून जास्त औषध असं आत जाऊन बसतं. एका कणात दहा ते पंधरा हजार रेणू, आणि कणाचा व्यास जेमतेम ८० ते १०० नॅनोमीटर! सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात मधल्या स्फटिकामुळे तो कॉफीच्या बीसारखा दिसतो.

साधं डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांत रक्तातून निघून पेशींमध्ये शिरतं. या कोंडलेल्या औषधाचं रक्तातलं अर्धायुष्य दोन दिवसांहून जास्त.

इथवर सगळं छान. पण २००४ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात दोन्ही औषधांची समोरासमोर चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयावरचा परिणाम लायपोसोममध्ये खूपच कमी होता. आजार आटोक्यात राहण्याचा काळ आणि एकूण आयुष्य मात्र जवळजवळ सारखंच. म्हणजे या कणांनी आजवर जे कमावलंय ते बहुतेक करून रोग्याचं शरीर वाचवण्यात. गाठ मारण्यात फार थोडं. याचं कारण माझ्या मते असं की आपण कण जुळवायला शिकलो, योग्य जागी तो सोडवायला शिकलो नाही.

दोन उदाहरणं देतो. एसपीआय-०७७ नावाचा, सिस्प्लॅटिन हे किमोचं जुनं औषध भरलेला लायपोसोम आला होता. पक्का, टिकाऊ, गाठीत जाऊन साचायचाही. पण आतलं सिस्प्लॅटिन बाहेरच पडेना, त्यामुळे रोग्यांना उपयोग जवळजवळ शून्य. याच्या उलट पॉलिमरचे मायसेल, म्हणजे शेपट्या आत आणि डोकी बाहेर असलेले छोटे गोळे. हे कण पाण्यात विशिष्ट प्रमाणाच्या वर असतील तरच जुळलेले राहतात. शिरेत गेले की काही लिटर रक्तात विरळ होतात आणि बरेचसे वाटेतच सुटतात. एक कण सुटतच नाही, दुसरा फार लवकर सुटतो. फॉरवर्डमध्ये 'आपोआप जुळतात' हे ठळक अक्षरांत असतं. प्रयोगशाळेतल्या माणसाची झोप उडते ती दुसऱ्या टोकाला.

---

प्रतिसाद

रानमेवा
मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: आपोआपच बनतं तर मग इतकं महाग का?

फिल्टरवाला
@रानमेवा, पिशवी आपोआप बनते, पण एका मापाची बनत नाही. काही लहान, काही अवाढव्य, काही कांद्यासारख्या अनेक पदरी. मग ते मिश्रण साठ अंशांच्या वर गरम ठेवून बारीक छिद्रांच्या पडद्यांतून दाबाने पुनःपुन्हा काढायचं. नंतर निर्जंतुक करायचं, पण उकळून चालत नाही, कण मोडतात. म्हणून ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि पुढचं सगळं निर्जंतुक खोलीत. एका बॅचचा सरासरी व्यास जरा सरकला तरी तो माल रद्द.

हे किती अवघड आहे ते २०११ मध्ये अमेरिकेने पाहिलं. डॉक्सिल ज्या एकाच कारखान्यात बनायचं, ओहायोतल्या बेन व्हेन्यूमध्ये, तिथलं उत्पादन थांबलं. चालू उपचारातल्या लोकांना औषध मिळेना. शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, आपल्या मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करायला परवानगी दिली. पुढच्या फेब्रुवारीत सनच्या जेनेरिकला रीतसर मंजुरी मिळाली.

खवचट_काका
आमच्याकडे सुवर्णभस्म हजार वर्षं आहे. त्यात नॅनो आकाराचे सोन्याचे कण असतात हे तुमच्याच शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलंय. तेव्हा कोणी पेटंट काढलं नाही एवढंच.

तर्कट
काका, कण नॅनो आहे म्हणून औषध होत नाही. गाडीच्या धुरातही नॅनोकण असतात.

फिल्टरवाला
काका, सुवर्णभस्मात तसे कण सापडतात हे खरं. पण ते भट्टीत पुटं देऊन घडवलेले असतात. त्यात कोंडलेलं औषध नाही, ते सोडायची सोय नाही, आणि ते तोंडावाटे घ्यायचे. धाग्याचा विषय वेगळा आहे. भस्मांवर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

खवचट_काका
काढतो की.

सह्यवारी
या विषयाला आपल्या मातीचा एक धागा आहे, तो कोणी काढला नाही म्हणून लिहितो.

पॅक्लिटॅक्सेल म्हणजे टॅक्सॉल, किमोमधलं दुसरं मोठं नाव. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू झाडाच्या सालीतून ते काढणारे दोघे, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! जन्म १९२५, मुंबई विद्यापीठात शिक्षण, मग अमेरिका, नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधन संस्थेत सगळी हयात. २०२० मध्ये गेले. टॅक्सॉलची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी १९६६ मध्ये याच जोडीने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधलं होतं. नंदुरबारात त्यांच्या नावाचा एखादा चौक तरी आहे का कोणी सांगेल काय?

आणि कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतही आहे. नरक्या नावाचं झाड, आंबोली-चंदगड भागात फिरणाऱ्यांना माहीत असेल. फुलांचा वास नावाला साजेसा. १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी त्यात हा रेणू दाखवला आणि मागणी वाढली. तेव्हापासून त्याची चोरटी तोड चालू आहे. झाड मुळासकट उपटतात, चिपळ्या करून पोत्यात भरतात. वनखात्याने पकडलेल्या नरक्याच्या गाड्यांच्या बातम्या स्थानिक पेपरांत येतच असतात.

निशिगंधा_के
बापरे, नरक्याचं हे माहीतच नव्हतं. पण त्याचा नॅनोकणांशी संबंध कसा?

फिल्टरवाला
@सह्यवारी, फार छान भर. @निशिगंधा_के, थेट संबंध आहे. ही दोन्ही औषधं पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. न विरघळणारं औषध शिरेत द्यायचं कसं? टॅक्सॉलसाठी क्रेमोफोर वापरलं, म्हणजे रासायनिक प्रक्रिया केलेलं एरंडेल, आणि अल्कोहोल. टॅक्सॉल देण्याआधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं देतात ती बऱ्याच अंशी या एरंडेलाच्या भीतीने. नॅनोकणांना इथे खरा वाव मिळाला. कोरियात २००७ पासून जेनेक्सॉल-पीएम आहे. त्यात पॉलिमरच्या मायसेलच्या पोटात पॅक्लिटॅक्सेल असतं, क्रेमोफोर नाही. वर म्हटलं तसे ते मायसेल रक्तात लवकर सुटतात. म्हणजे गाठीवर नेम धरणारं काही नाही, फक्त औषध विरघळवण्याची अधिक सभ्य रीत. पण रोग्याच्या दृष्टीने तेही कमी नाही.

कॅम्प्टोथेसिनपासून इरिनोटेकान निघालं. ते लायपोसोममध्ये कोंडून ओनिव्हाइड झालं, स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी २०१५ मध्ये मंजूर. चाचणीत जोडीच्या औषधांबरोबर ते दिल्यावर मध्यक आयुष्य ६.१ महिने, नुसत्या जोडीच्या औषधांवर ४.२.

रानमेवा
दोनच महिने? :(

डॉ_भटका
@रानमेवा, पहिली किमो अपयशी ठरलेल्या पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात दोन महिने हा आम्ही मोठा फरक मानतो. बाहेरून ऐकताना क्रूर वाटतं, मान्य.

तर्कट
लेख चांगला, पण एक मुद्दा तुम्ही हळूच वगळलात. कण गाठीत मुळात पोहोचतात का? सगळ्या नॅनो-उद्योगाचा पाया म्हणजे १९८६ मधला जपानी निष्कर्ष, कुमामोतोच्या मात्सुमुरा आणि माएदांचा. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून मोठे कण तिथे झिरपतात आणि साचतात. मग २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीचे प्राण्यांवरचे प्रयोग गोळा करून हिशेब मांडला. टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोहोचतो तो वाटा, मध्यक, ०.७ टक्के. बाकीचं बरंचसं यकृत आणि प्लीहेत. याच गटाने २०२० मध्ये दाखवलं की गळक्या फटी दुर्मीळ आहेत आणि बहुतेक कण रक्तवाहिनीच्या पेशी स्वतः उचलून पलीकडे नेतात. पायाच हलला की.

आणि नेम धरणाऱ्या कणांचं काय झालं? बाइंड थेराप्युटिक्स, एमआयटी-हार्वर्डच्या मोठ्या नावांची कंपनी, २०१६ मध्ये दिवाळखोरीत. गरम केल्यावर उघडणारा थर्मोडॉक्स, यकृताच्या कर्करोगात २०१३ मध्ये नापास. तुम्ही 'सोडवायला शिकलो नाही' म्हणता, मी म्हणतो पोहोचवायलाही शिकलो नाही.

फिल्टरवाला
@तर्कट, ०.७ चा आकडा बरोबर आहे, पण तो एकटा वाचू नका. साधं औषध टोचलं तरी त्यातला अगदी थोडा अंशच गाठीत जातो. प्रश्न तुलनेचा आहे. शिवाय ती गोळाबेरीज उंदरांवरच्या प्रयोगांची, आणि त्यातले कित्येक कण कधी औषध होणारच नव्हते, पेपरापुरते बनवलेले. कपोसी सार्कोमासारख्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीत डॉक्सिल चांगलं साचतं, स्वादुपिंडाच्या दगडासारख्या गाठीत अवघड जातं. गाठ बघून कण निवडायला हवा, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नसावी.

आता माझ्या बाजूचा एक साक्षीदार. व्हिक्सिओस, २०१७, रक्ताच्या एका वाईट प्रकारच्या कर्करोगासाठी. एकाच लायपोसोममध्ये सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन, पाचास एक या प्रमाणात. ही दोन औषधं आपण दशकानुदशकं वेगवेगळी देत आलो. वेगळी दिली की शरीर दोघांना वेगवेगळ्या वेगाने काढून टाकतं आणि प्रमाण तासाभरात बिघडतं. कणाने फक्त ते प्रमाण धरून ठेवलं. साठ ते पंचाहत्तर वयाच्या रोग्यांत मध्यक आयुष्य ५.९५ वरून ९.५६ महिन्यांवर गेलं. जुनीच औषधं, नवा रेणू एकही नाही. आणि इथे गाठ नाही, हाडांतल्या मज्जेत पोहोचायचं असतं, म्हणून गळक्या वाहिन्यांचा वादही नाही.

तर्कट
व्हिक्सिओसचं मान्य. पण त्या एका साक्षीदारावर किती दिवस खटला चालवणार? :)

नाव_सुचेना
मी बॉस्टनमध्ये पोस्टडॉक करतेय, विषय जवळचा आहे. फॉरवर्डमध्ये बहुतेक लायपोसोम नसणार, हल्ली बातम्या होतात त्या शरीराच्या आत जुळणाऱ्या कणांच्या. इथल्या ब्रँडाइस विद्यापीठात बिंग शू यांच्या गटाचं काम त्या धर्तीवरचं आहे. छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे लहान तुकडे, त्यांच्यावर फॉस्फेटचा गट. तो असेपर्यंत ते पाण्यात विरघळलेले, सुटे. काही कर्करोगाच्या पेशींवर अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर जास्त असतं. ते फॉस्फेट तोडतं, मग पेप्टाइड तिथेच एकमेकांना चिकटून तंतूंचं जाळं करतात, पेशीच्या अंगाभोवती. म्हणजे @फिल्टरवाला यांचा प्रश्न इथे उलटा होतो: सुटे जायचं, तिथे जुळायचं. अडचण अशी की हेच विकर यकृतात आणि हाडांतही भरपूर असतं.

दुसरं, डीएनएच्या घड्या. २००६ मध्ये पॉल रोथमुंड यांनी डीएनएचा लांब धागा घड्या घालून हव्या त्या आकारात आणून दाखवला. २०१८ मध्ये अ‍ॅरिझोना आणि बीजिंगच्या गटांनी अशा चादरीची गुंडाळी करून आत थ्रॉम्बिन ठेवलं, रक्त गोठवणारं प्रथिन. गाठीच्या वाहिनीतलं न्यूक्लिओलिन नावाचं प्रथिन ओळखलं की गुंडाळी उघडते, रक्त तिथेच गोठतं आणि गाठीची रसद तुटते. उंदरांमध्ये छान चाललं. शरीरात चुकीच्या जागी थ्रॉम्बिन उघडलं तर काय, हा विचार करून मला तरी घाम फुटतो.

रानमेवा
म्हणजे फॉरवर्डमधले उंदीरच निघाले.

पुणेकर_नं_२
कोविडच्या एमआरएनए लशीतले लिपिड कण यातलेच ना? आमच्या हिंजवडीतल्या जेनोव्हाने बनवली होती ती?

फिल्टरवाला
@पुणेकर_नं_२, घराणं तेच, घडण वेगळी. फायझर-मॉडर्नाच्या लशीत आम्लात धनप्रभार घेणारं लिपिड आणि आरएनए वेगाने मिसळतात, दोघं एकमेकांभोवती जुळतात. गंमत म्हणजे सुटण्याचा प्रश्न इथे बऱ्यापैकी सुटलाय. पेशीने कण गिळल्यावर आतल्या कप्प्यात आम्लता वाढते, लिपिडला पुन्हा प्रभार येतो, कप्प्याचा पडदा फुटतो. तरी थोडंच आरएनए बाहेर पडतं, पण लशीला थोडंही पुरतं, कारण पुढचं काम प्रतिकारशक्ती करते. मॉडर्ना आणि मर्कने मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर हेच वापरून रोग्यागणिक वेगळी लस बनवली. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत, पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या औषधाच्या जोडीला दिल्यावर, आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. गाठीत कण पोहोचवायचाच नाही, दंडात टोचायचा. @तर्कट, यावर तुमचं काय म्हणणं?

तर्कट
यावर म्हणणं नाही. तिसऱ्या टप्प्याची वाट बघू.

निशिगंधा_के
मावशीला ओव्हरीसाठी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन चालू आहे. दुसऱ्या सायकलनंतर तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतायत. केस मात्र फारसे गेले नाहीत. हे औषधामुळेच का?

डॉ_भटका
@निशिगंधा_के, हो, या औषधाचा हा नेहमीचा त्रास आहे. साध्या डॉक्सोरुबिसिनमध्ये इतका दिसत नाही. कण दिवसेंदिवस रक्तात फिरत राहतात, आणि जिथे दाब आणि घर्षण जास्त तिथे त्वचेत झिरपतात. सलाईननंतर काही दिवस गरम पाण्याने अंघोळ, घट्ट चपला, भांडी घासणं, खूप चालणं टाळायला सांगा. साधं मलम लावत राहायचं. पण पुढच्या सायकलच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना हात दाखवाच. डोस कमी करणं किंवा दोन डोसांमधलं अंतर वाढवणं हा ठरलेला उपाय आहे. फोड आले किंवा जेवता येईना असं तोंड आलं तर सायकलची वाट बघू नका.

निशिगंधा_के
धन्यवाद डॉक्टर. ती रोज धुणं हातानेच धुते, सांगून ऐकत नाही. आता तुमचा प्रतिसादच वाचून दाखवते.

मोगरा७७
माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालंय, आता लाल किमो सांगितलीये. हृदयाला इतका फरक पडत असेल तर लायपोसोमलच द्या असा आग्रह धरावा का? पैसे उभे करू आम्ही.

डॉ_भटका
@मोगरा७७, आग्रह धरू नका, प्रश्न विचारा. ऑपरेशननंतर आजार परत येऊ नये म्हणून जी किमो देतात, तिचा सगळा जुना पुरावा साध्या औषधाचा आहे. तिथे चार सायकलींचा एकूण डोस सहसा मर्यादेच्या बराच खाली असतो. लायपोसोमलचा फायदा दिसला तो मुख्यतः पसरलेल्या आजारात, किंवा ज्यांचा आधीच बराच डोस झालाय अशांत. तेव्हा महाग तेच चांगलं असं इथे नाही. आईचं वय काय, बीपी किंवा हृदयाचा जुना त्रास आहे का, किमोआधीच्या टूडी इकोत इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) किती आलं, एवढं विचारून घ्या. ते कमी असेल तर डॉक्टर स्वतःच दुसरी औषधयोजना सुचवतील.

मोगरा७७
इको अजून झालेलाच नाही. गुरुवारी ओपीडी आहे, आधी तेच विचारते.